पट्टीच्या टोकाला

कोंडिबा आबांची पोल्ट्री बंद पडून पाच वर्षं झाली होती, तरी हवा दमट असली की शेडमध्ये कोंबड्यांचा वास यायचा. निमोणे गावाच्या बाहेर, उसाच्या दोन फडांच्या मधोमध ती शेड होती. दोनशे फूट लांब, वर पत्रा, दोन्ही अंगांना कमरेएवढी भिंत आणि तिच्यावर जाळी. कुरकुंभच्या एका लहानशा कंपनीने ती भाड्याने घेतली, ती निव्वळ लांबीसाठी. ही कंपनी उपग्रहांना लागणाऱ्या पट्ट्या बनवायची. मीटरटेप डबीत गुंडाळलेला असतो आणि ओढला की ताठ बाहेर येतो, तशातलाच प्रकार. फक्त ही पट्टी तीस मीटर लांब आणि जाड कागदाएवढी पातळ. अवकाशात गेल्यावर ती उलगडायची आणि उपग्रहाचा अँटेना व्हायची. कुरकुंभच्या गाळ्यात ती उलगडायला जागा नव्हती आणि अशी लांब जागा शोधता शोधता मालक रविराज सर मेटाकुटीला आले होते.

पट्टीच्या चाचण्यांची प्रमुख स्नेहल होती. प्रमुख म्हणायचं एवढंच, हाताखाली कोणी नव्हतं. ती दौंडची. वडील रेल्वेत होते, आता निवृत्त. घरात भुताखेतांना, नवससायासांना थारा नव्हता. कोणी काही अचाट सांगायला लागलं की वडील एकच विचारायचे, पुरावा काय? स्नेहलला ती सवय बापाकडूनच लागलेली. रोज सकाळी ती स्कुटीवरून भीमेचा पूल ओलांडायची आणि तासाभरात निमोण्याला पोचायची.

तिचं काम समजायला फार शिकलेलं असावं लागत नाही. उपग्रहाला साधारण दर दीड तासाला एकदा दिवस उगवतो. पृथ्वीच्या सावलीतून तो बाहेर पडला की ऊन एकदम अंगावर येतं. फटफटणं, तांबडं फुटणं असलं काही तिथे नाही. पट्टीची उन्हाकडची बाजू काही सेकंदांत तापते, पाठची गारठलेलीच राहते. तापलेली बाजू लांबते, म्हणून पट्टी वाकते. वाकते ती जरुरीपेक्षा जास्त, मग मागे येते, पुन्हा वाकते, आणि थरथरत राहते. तिच्याबरोबर मुळाशी बांधलेला अख्खा उपग्रह हलतो. ही थरथर किती वेळात थांबते, ते स्नेहलला मोजायचं होतं.

शेडच्या वाशांना बांधलेल्या दोऱ्यांवर ती पट्टी आडवी तोलून धरायची, आणि एका बाजूने ओळीने दिवे लावायचे. दिवेही पोल्ट्रीचेच होते. पिल्लांना ऊब द्यायचे ते मोठे लाल बल्ब आबांनी पोतंभर काढून दिले होते. वारा लागू नये म्हणून भोवती ताडपत्रीचे पडदे होते. मुळाच्या टोकाला कॉम्प्युटर घेऊन स्नेहल बसायची. दुसऱ्या टोकाला, शंभर फुटांवर, पडद्याआड आबा असायचे. चिमणी शिरू नये, उंदीर फिरकू नये, एवढं बघायला.

आबा साठी उलटलेले, अंगाने काटक, बोलायला कमी. पाच वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये एका दुपारी वीज गेली, वरचे पत्रे तापून आग ओकायला लागले आणि आबांचे दोन हजार पक्षी तासाभरात गेले. आबा एकेक पक्षी उचलून पाण्यात बुडवत होते, असं त्यांच्या बायकोने, जाईबाईंनी, स्नेहलला सांगितलं होतं. त्यानंतर त्यांनी पोल्ट्रीचं नाव काढलं नाही.

चाचण्या अप्रतिम झाल्या. इतर कंपन्यांच्या पट्ट्या दहा-दहा मिनिटं थरथरायच्या, हिची थरथर चाळीस सेकंदांत मावळत होती. स्नेहलने नऊ वेळा करून पाहिलं, नऊही वेळा चाळीस. रविराज सरांनी पेढे वाटले. अहवालाखाली स्नेहलची सही झाली आणि फेब्रुवारीत पट्टी आकाशात गेली.

वर उलगडल्यानंतरच्या पहिल्याच उजेडात ती बारा मिनिटं थरथरली.

दुसऱ्या उजेडात पुन्हा बारा. दिवसाला पंधरा वेळा उजाडायचं आणि पंधरा वेळा हेच. स्नेहलने गणित मांडलं. असंच चाललं तर तीन महिन्यांत पट्टी मुळाशी तडकणार होती, आणि पट्टी गेली की कंपनी गेली. सही तिची होती. तिची झोप उडाली. आईने डब्यात दिलेली भाकरी तशीच परत यायला लागली.

एप्रिलमध्ये तिने शेडमध्ये दुसरी पट्टी टांगली आणि सगळं पहिल्यापासून करायला घेतलं. दहावी चाचणी. पुन्हा चाळीस सेकंद! जमिनीवर शहाण्यासारखी वागणारी पट्टी वर गेल्यावर का बिथरते, तिला कळेना. दिवे चालू असतानाच ती उठली आणि पडद्याच्या कडेकडेने, लाल उजेडातून दुसऱ्या टोकाकडे चालत गेली. त्या बाजूला ती चाचणी चालू असताना कधीच गेली नव्हती.

तिने ताडपत्री बाजूला केली. आबा पालथ्या बादलीवर बसले होते. डोळे मिटलेले. उजवा हात वर, आणि पट्टीचं टोक त्यांनी अंगठा आणि बोट यांच्यात अलगद धरलेलं.

तिला हसावं की रडावं कळेना.

"आबा, हे काय करताय?"

आबांनी दचकून डोळे उघडले, पण हात काढला नाही. थरथर पुरती थांबल्यावर मगच काढला.

"थरथरत हुतं वो ते," ते ओशाळून म्हणाले. "ऊब लागली की लई थरथरतंय. मी म्हणलं, जरा आधार द्यावा. दाबत न्हाई मी. निस्तं बोट टेकवितो."

"प्रत्येक वेळी?"

"व्हय. पयल्यापासनं."

वाऱ्यामुळे किती फरक पडेल, दोऱ्यांमुळे किती, हे सगळं तिने गणितात घेतलं होतं. कोंडिबा आबांचं बोट घेतलं नव्हतं. नऊच्या नऊ चाचण्या खोट्या होत्या. ही पट्टी कधी शांत नव्हतीच.

एरवी ती मोठ्या माणसांशी आवाज चढवून बोलत नसे. त्या दिवशी चढला.

"इथे तुम्ही धरलंत. आता वर कोण धरणार, आबा? सांगा ना, वर कोण धरणार?"

आबांनी मान वर केली. पत्र्याकडे पाहिलं.

"तितं किती डाव उजाडतंय?" त्यांनी विचारलं.

"पंधरा."

"आन् आता कवा?"

तिने भिंतीवर चिकटवलेल्या वेळापत्रकाकडे बोट दाखवलं. एक बावन्न. बोलता बोलताच तिला आपल्या बोलण्याची लाज वाटली, पण माफी मागायचं काही सुचलं नाही. ती दिवे बंद करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कुरकुंभच्या ऑफिसात तिने वरून आलेली माहिती उघडली. आदल्या सकाळपर्यंतचे सगळे आलेख नेहमीचे होते, बारा बारा मिनिटांचे. आदल्या दुपारी एक बावन्नचा वेगळा होता. चाळीस सेकंद. त्यानंतरचे सगळे तसेच.

"बसली की गं पट्टी!" रविराज सर मागून म्हणाले. "नवा जॉइंट होता, सैल असणार. बसला आता जागेवर. उगाच जीव टांगणीला लावून घेतलास."

असं होतं कधी कधी. स्नेहलने मान डोलावली. मग तिने जमिनीवरच्या नवव्या चाचणीचा आलेख काढला आणि वरच्या आलेखावर ठेवला. दोन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसल्या. सतराव्या सेकंदाला जमिनीवरच्या रेघेत एक बारीक उसळी होती. वरच्या रेघेतही होती, सतराव्याच सेकंदाला.

आठवड्याने ती निमोण्याला गेली. जाईबाई अंगणातच भेटल्या.

"बरं झालं आलात, म्याडम. बगा यांच्याकडं. दिसाला पंधरा डाव उठत्यात. जेवताना ताट सारून उठत्यात. शेडात जाऊन हात वर करून बसत्यात."

"किती वेळ?"

"मिंटभर. पन आल्यावर हात बगा त्यांचा."

आबा शेडमध्ये होते, पट्टीच्या टोकापाशी. पट्टी आता तिथे नव्हतीच, ती कधीच गुंडाळून कुरकुंभला नेली होती. आबांनी हात पुढे केला. तळव्याची कातडी भाजून लाल झाली होती. पाठचा भाग मात्र पांढराफटक पडला होता. स्नेहलने हाताच्या पाठीला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. इतका गार हात जिवंत माणसाचा नसतो. शिरूरच्या डॉक्टरांनी बल्बने भाजलं असेल म्हणून मलम दिलं होतं. बल्ब आठवडाभर पोत्यात होते.

"मधेच, साधारण सतराव्या सेकंदाला, तुम्ही काही करता का?" तिने विचारलं.

"बोट बदलतो. मुंग्या येत्यात."

तिने स्वतःला समजावलं, वेळापत्रक भिंतीवर आहे, म्हातारा ते बघून उठतो. मनाने घेतलंय, दुसरं काही नाही. त्यावर लिहिलेली पुढची वेळ बारा नऊ होती. तिने मोबाइल हातात धरला. बारा सहाला आबांनी हात वर केला.

"आबा, अजून तीन मिनिटं आहेत."

"कागुद चुकलाय, म्याडम," आबा डोळे मिटून म्हणाले.

ती तिथूनच थेट कुरकुंभला गेली. कागद जुना होता. उपग्रह मधल्या काळात थोडा खाली आला होता आणि वेळा सरकल्या होत्या. त्या दिवशी वर उजाडलं होतं बारा वाजून सहा मिनिटांनी.

वडील विचारायचे तो पुरावा आता तिच्याकडे होता. आणि तो कोणालाही दाखवायची तिची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आबांसमोर बसली.

"सोडा ते, आबा. मी सांगते. थरथरू दे, तुटू दे. माझं काय व्हायचं ते होईल."

आबांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. त्यांचा चेहरा आठवडाभरातच उतरला होता.

"सोडून बगितलं की, म्याडम. परवाच्याला. सुटंना." ते हाताकडे बघत राहिले. "पयलं मी धरलं हुतं त्याला. आता कुनी कुनाला धरलंय, कळत न्हाई."

एक उपाय होता. पट्टीच्या मुळाशी एक लहानशी कात्री बसवलेली असते. पट्टी अडकली, बिघडली तर जमिनीवरून एक आज्ञा पाठवायची, की ती मुळापासून तोडली जाते. पट्टी तुटली की धरायला काही उरणार नव्हतं. पण चांगली चाललेली पट्टी कोण तोडेल? त्यासाठी स्नेहलला रविराज सरांपुढे उभं राहून सांगावं लागलं असतं की माझा अहवाल खोटा आहे. आणि त्यानंतर जे सांगावं लागलं असतं, ते ऐकून तिला सरळ घरी पाठवलं असतं.

शुक्रवारी आढावा होता. ती वाक्य पाठ करून गेली. मोठ्या पडद्यावर तिचा आलेख झळकला आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "ही आमची स्नेहल," रविराज सर म्हणाले, "हिनेच ही शांत पट्टी घडवली." स्नेहल उठली, सगळ्यांकडे पाहिलं, थँक यू म्हणाली आणि खाली बसली. पुढच्या आठवड्यात सांगू, असं तिने ठरवलं. ती घाबरली, एवढीच खरी गोष्ट होती.

मंगळवारी सकाळी दहा बावीसच्या उजेडाला आबा शेडमध्ये बसल्या जागी गेले.

जाईबाईंचा पुतण्या नवनाथ, त्याने फोन केला. हात वर राहिला होता तो खाली येत नव्हता, असं तो सांगत होता. शेवटी पंच्याने अंगाशी बांधावा लागला.

स्नेहलने फोन ठेवला आणि आलेखासमोर बसली. पुढचा उजेड अकरा सत्तावन्नला होता. नोकरी, नाव, सगळं ज्या थरथरीने जाणार होतं, तीच थरथर यावी म्हणून ती मनापासून विनवत होती. थरथर. एकदा थरथर. म्हातारा सुटला एवढं कळू दे.

अकरा सत्तावन्न झाले.

रेघ उसळली, वाकली, आणि चाळीस सेकंदांत शांत झाली.

तिने ती पुन्हा पाहिली. फरक एकच होता. सतराव्या सेकंदाची ती उसळी आता नव्हती.

मुंग्या यायच्या थांबल्या होत्या.

दहाव्याच्या दिवशी ती निमोण्याला निघाली. वाटेत न्हावऱ्याच्या अलीकडे फोन वाजला. तिने स्कुटी लिंबाखाली घेतली.

"पेपर पाठवलाय बघ मोबाइलवर," रविराज सर म्हणाले. आवाजात हसू मावत नव्हतं. "पट्टी इतकी शांत आहे की आपण उपग्रहाचं आयुष्य वाढवतोय. दोन वर्षांचं होतं, आता अकरा. इंधन आहे, बॅटरी आहे. तुझी तेवढी सही टाक, म्हणजे आजच जाहीर करतो."

"सर, मला थोडं बोलायचं होतं."

"बोल ना."

मागून उसाचा ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत ती थांबली. दिवसाला पंधरा म्हणजे अकरा वर्षांचे साठ हजार, हे गणित तिच्या डोक्यात आपोआप झालं होतं. सांगायची हीच वेळ होती. गेलेला माणूस गेला, असं दुसरं मन म्हणत होतं. गेलेल्या माणसाला कसला हात आणि कसली थंडी?

"काही नाही," ती म्हणाली. "नंतर बोलते."

तिने बोटाने सही केली. नऊ वाजून त्रेचाळीस मिनिटं झाली होती.

घरी पुरुषमाणसं विधीसाठी घोडनदीवर गेली होती. जाईबाई पडवीत एकट्याच सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. स्नेहल शेजारी टेकली. तीही खडे वेचू लागली.

"म्याडम, एक इचारू का?" जाईबाई खाली बघतच म्हणाल्या. "तुमचं ते वरचं यंत्र आजून किती दिस हाय?"

स्नेहलचं बोट सुपात थांबलं.

"वर्षभर, मावशी. फार तर वर्ष. मग आपोआप खाली येतं आणि जळून जातं."

"वरीसभर."

"हो."

जाईबाईंनी एक खडा उचलून अंगणात टाकला.

"मग हे आकरा का म्हनत हुते?"

"कोण?"

"हे. मगाशी. मी चुलीवर भाताचं आधन ठिवलं तवा, पावनेधाला. आकरा वर्सं झाली म्हनले. बाईंनी सही केली म्हनले."

पडवीत उकाडा होता. स्नेहलच्या अंगावर मात्र काटा आला आणि तो जाईना.

"त्यांच्यावर राग धरू नगं म्हनले," जाईबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पोरीची जात, नोकरीचा परश्न. मी न्हाई राग धरला. मी त्यास्नी येवडंच म्हनलं, आकरा वर्सं येकट्याच्यानं कशी व्हतील? पोल्ट्रीवर जागत हुतो तसं आलटून पालटून धरू."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, आणि उजवा हात पदराला स्वच्छ पुसला.